एक कनेक्शन, दोन खोल्या, सोळा उपकरणे : राउटिंगचे सॉफ्टवेअर स्वतः बसवावे का?

तिसरामजला (धागाकर्ता)

नमस्कार. गिरगावातल्या एका जुन्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या आहेत. त्या एकमेकींना लागून नाहीत; मध्ये दोन बिऱ्हाडे आहेत आणि आमच्या दोन खोल्यांना जोडणारी काय ती समोरची सामाईक गॅलरी. घरात माणसे सात आणि नेटला जोडलेली उपकरणे, काल मोजली तेव्हा, सोळा. केबलवाल्याने गेल्या वर्षी फायबर आणले आणि ६० एमबीपीएसचा प्लॅन दिला. पहिल्या खोलीत त्याने लावलेला डबा फायबरमधला प्रकाशसंकेत घेणे, कंपनीकडे लॉगिन करणे, घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणे आणि वायफाय पसरवणे ही सारी कामे एकटाच करतो. तिथून एक केबल गॅलरीच्या छताखालून दुसऱ्या खोलीत नेली आहे आणि तिच्या टोकाला आमचा जुना राउटर लावला आहे.

तक्रारी दोन आहेत. रात्री नऊ ते अकरा या वेळात पत्नीची परदेशातल्या सहकाऱ्यांशी बैठक असते आणि नेमका तेव्हाच आवाज तुटतो, चित्र गोठते. त्याच क्षणी स्पीड टेस्ट घेतली तर ५५ एमबीपीएस दिसतात, त्यामुळे केबलवाला ‘साहेब, स्पीड तर येतोय’ एवढे म्हणून फोन ठेवतो. दुसरी तक्रार अशी की अधूनमधून एखाद्या फोनवर वायफायची रेंज पूर्ण असते, पासवर्डही चालतो, पण नेट मात्र नसते. सगळे बंद करून पुन्हा चालू केले की कधी सुरळीत होते, कधी दुसऱ्याच कुणाच्या फोनवर तोच प्रकार सुरू होतो.

माझ्याकडे २०१२ सालचा एक डेस्कटॉप धूळ खात पडला आहे आणि न वापरलेला एक राउटरही आहे. ओपनडब्ल्यूआरटी, पीएफसेन्स, ओपीएनसेन्स या राउटरचे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल बरेच वाचले, पण वाचून गोंधळ वाढला. यांपैकी काही बसवल्याने माझ्या तक्रारी दूर होतील का, की विकतचे दुखणे घ्यायचे, असा प्रश्न आहे.

पूर्वउपनगर

एवढा खटाटोप कशासाठी करता? सोळा उपकरणांना ६० एमबीपीएस पुरत नाहीत एवढाच याचा अर्थ आहे. २०० एमबीपीएसचा प्लॅन घ्यावा आणि निवांत बसावे. आम्ही तेच केले.

तारजोड

प्लॅन वाढवण्याआधी आणि सॉफ्टवेअर बसवण्याआधी दोन मोजण्या कराव्यात, असे मी सुचवीन, कारण तुमच्या दोन तक्रारी दोन वेगळ्या आजारांच्या दिसतात आणि एकाच औषधाने दोन्ही बऱ्या होतील अशी अपेक्षा ठेवली तर निराशा होईल.

पहिली मोजणी अशी. लॅपटॉप केबलने थेट केबलवाल्याच्या डब्याला जोडावा, वायफाय बंद ठेवावे, आणि बाहेरच्या एखाद्या भरवशाच्या सर्व्हरला सलग पिंग (छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणे) चालू ठेवावे. घरातले बाकी सगळे शांत असताना किती मिलिसेकंद लागतात ते लिहून घ्यावे. मग दुसऱ्या यंत्रावरून एखादा मोठा व्हिडिओ अपलोड करायला लावावा आणि पिंगचा आकडा कुठे जातो ते पाहावे. शेवटी तसेच डाउनलोड करताना पाहावे. स्पीड टेस्टचा आकडा इथे फारसा कामाचा नाही, कारण तो एका वेळी किती माल वाहून गेला एवढेच सांगतो. बैठकीतल्या आवाजाच्या बारीकशा तुकड्याला रांगेत किती वेळ ताटकळावे लागले ते तो सांगत नाही.

दुसरी मोजणी त्याहून सोपी आहे. ज्या फोनवर रेंज असून नेट नाही, त्याच्या वायफायच्या तपशिलात जाऊन त्याला मिळालेला आयपी पत्ता आणि गेटवे (ज्या यंत्रातून तो बाहेर जातो त्याचा पत्ता) हे दोन आकडे टिपून घ्यावेत. नेट नीट चालणाऱ्या फोनचेही तेच आकडे घ्यावेत आणि इथे द्यावेत.

तिसरामजला (धागाकर्ता)

दोन्ही मोजण्या केल्या. शांततेत पिंग ९ मिलिसेकंद येतो. डाउनलोड चालू असताना तो ७० च्या आसपास जातो. अपलोड चालू असताना मात्र ४५० च्या घरात जाऊन तिथेच राहतो. अपलोडचा वेग १८ एमबीपीएस मिळतो आहे.

नेट चालणाऱ्या फोनचा पत्ता १९२.१६८.१.२३ आणि गेटवे १९२.१६८.१.१ असा आहे, म्हणजे केबलवाल्याचा डबा. नेट नसलेल्या फोनचा पत्ता १९२.१६८.०.१०४ आणि गेटवे १९२.१६८.०.१, जो दुसऱ्या खोलीतल्या आमच्या जुन्या राउटरचा पत्ता आहे. विशेष म्हणजे हा फोन पहिल्या खोलीत, केबलवाल्याच्याच वायफायवर होता.

तारजोड

उत्तम. आता अंदाज बांधायची गरजच उरली नाही.

दुसरी तक्रार आधी संपवू, कारण ती पाच मिनिटांची आहे. दुसऱ्या खोलीतल्या राउटरला गॅलरीतून आलेली केबल तुम्ही त्याच्या लॅन पोर्टमध्ये, म्हणजे घराकडच्या खाचेत, लावली असणार, आणि त्याची पत्तेवाटप करणारी सेवा, म्हणजे डीएचसीपी, तशीच चालू राहिली असणार. त्यामुळे एकाच नेटवर्कवर पत्ते वाटणारे दोघे झाले आहेत. नव्याने जोडला जाणारा फोन ‘मला पत्ता द्या’ अशी हाळी साऱ्या नेटवर्कभर देतो आणि ज्याचे उत्तर आधी येते त्याचा पत्ता घेतो. डब्याने आधी उत्तर दिले तर नेट चालते. जुन्या राउटरने दिले तर फोन बाहेरचा सगळा व्यवहार त्या राउटरकडे पाठवतो, आणि त्याचे वॅन, म्हणजे बाहेरच्या नेटकडचे, पोर्ट तर रिकामे आहे. म्हणून तो फोन कुठल्या खोलीत आहे याच्याशी या बिघाडाचा संबंध नाही. जुन्या राउटरची डीएचसीपी बंद करावी, त्याला १९२.१६८.१ या मालिकेतला एखादा मोकळा पत्ता द्यावा (डबा वाटतो त्या पट्ट्याबाहेरचा, उदाहरणार्थ शेवटचा आकडा २५०, जर डबा २०० पर्यंतच वाटत असेल तर), आणि केबल लॅनमध्येच राहू द्यावी. आता तो राउटर म्हणून नव्हे, तर केवळ वायफायचे ठाणे म्हणून काम करील. बऱ्याच राउटरांत यासाठी ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ अशी एकच कळ असते.

आता पहिली तक्रार. चाळीतल्यांना हे समजावणे सोपे जाते. मजल्यावरचा सामाईक नळ डोळ्यांसमोर आणा. पाण्याची धार ठरावीक आहे. कुणी तिथे दोनशे लिटरचे पिंप लावून ठेवले आणि मागे एकजण फक्त तांब्या घेऊन उभा राहिला, तर तांब्यावाल्याला पिंप भरेपर्यंत थांबावे लागते, त्याची गरज अर्ध्या लिटरची असली तरी. तुमच्या घरात पिंप म्हणजे फोन. संध्याकाळी मंडळी घरी येतात, फोन चार्जिंगला लावतात, आणि दिवसभरातले फोटो व व्हिडिओ आपोआप वर चढू लागतात. तांब्या म्हणजे पत्नीच्या बैठकीतला आवाज. आणि नळ म्हणजे १८ एमबीपीएसचे अपलोड.

तुमच्याच आकड्यांवरून रांगेची लांबीही काढता येते. ४५० मधून मूळचे ९ वजा केले की ४४१ मिलिसेकंद उरतात. सेकंदाला १८ मेगाबिट या वेगाने एवढ्या वेळात सुमारे ८ मेगाबिट, म्हणजे १ मेगाबाइट बाहेर पडतो. याचा अर्थ केबलवाल्याचा डबा जवळजवळ १ मेगाबाइट माल पोटात साठवून मग एकेक करून सोडतो आहे. या दुखण्याला ‘बफरब्लोट’ असे नाव आहे, म्हणजे बफर (माल साठवायची जागा) फुगणे. स्मृती स्वस्त झाली तशी उपकरणे बनवणाऱ्यांनी मोठमोठे बफर घातले, पॅकेट (माहितीचा तुकडा) गळू नये या चांगल्या हेतूने; पण पॅकेट गळले की पाठवणारा वेग कमी करतो, ही टीसीपीची (नेटवर माहिती पोचवण्याच्या पद्धतीची) मूळ खूण आहे, आणि ती खूण उशिरा मिळू लागल्यामुळे पाठवणारे वेग कमी करीनासे झाले.

आता सॉफ्टवेअर राउटरचा उपयोग कुठे आहे ते स्पष्ट होईल. तो तुमचे कनेक्शन एक बिटही वाढवत नाही. तो रांग शिस्तीत लावतो, आणि तुमची अडचण नेमकी तीच आहे.

पूर्वउपनगर

म्हणजे २०० एमबीपीएस घेतले तरी हे तसेच राहील, असे म्हणणे आहे काय?

तारजोड

तसेच नाही राहणार, कमी होईल. पिंप लवकर भरेल. पण फोटो चढवणारा फोन मिळेल तेवढा वेग घेतो, मग तो १८ असो की ५०, त्यामुळे नळ पुन्हा तोंडापर्यंत वाहू लागतो आणि रांग पुन्हा लागते, फक्त थोडी आखूड. शिवाय बऱ्याच प्लॅनमध्ये डाउनलोड दुप्पट झाले म्हणून अपलोड दुप्पट होतेच असे नाही. दरमहा जास्त पैसे मोजण्यापूर्वी हे फुकटचे काम करून पाहावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

जुनामोडेम

धागा वाचून जुने दिवस आठवले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले तेव्हा ९.६ केबीपीएसच्या डायलअपवरही माणूस खूश होता. पुढे एकाच फोनलाइनवर तीन-चार संगणक चालवण्यासाठी विनगेटसारखी प्रॉक्सी सॉफ्टवेअरे आली, आणि १९९९ मध्ये विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘इंटरनेट कनेक्शन शेअरिंग’ आयतेच मिळाले.

विषयाला धरून एक गोष्ट सांगतो, कारण नव्या वाचकांचा इथे गोंधळ होतो. प्रॉक्सी आणि आज घरोघरी चालणारे नॅट यांत फरक आहे. प्रॉक्सीमध्ये प्रत्येक प्रोग्रामला ‘तू थेट बाहेर जाऊ नकोस, अमुक संगणकाला सांग’ असे शिकवावे लागे, आणि ज्या प्रोग्रामला ते शिकवता येत नसे तो चालतच नसे. नॅटमध्ये घरातल्या संगणकाला काहीच ठाऊक नसते. तो आपला थेट बाहेर जाऊ पाहतो. राउटर वाटेत त्याच्या पॅकेटवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता खोडून स्वतःचा घालतो, कोणत्या पोर्ट क्रमांकावर कुणाचे पॅकेट गेले याची वही ठेवतो, आणि उत्तर आले की वही पाहून योग्य माणसाकडे पोचवतो. चाळीतल्या सगळ्यांची पत्रे एकाच पत्त्यावर यावीत आणि तळमजल्यावरच्या दुकानदाराने ती ज्याची त्याला नेऊन द्यावीत, तसे ते आहे. १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ ने सुरू होणारे जे पत्ते आपण घरोघरी पाहतो, ते याच खाजगी वापरासाठी १९९६ मध्ये कायमचे बाजूला काढून ठेवलेले आहेत.

गच्चीवरचा

मी उलट्या मताचा आहे. घरात डेस्कटॉप पडलाच आहे तर त्यावर ओपीएनसेन्स बसवावे. दोन नेटवर्क पोर्ट लागतात, तेव्हा लॅमिंग्टन रोडवरून एक नेटवर्क कार्ड आणावे. गिरगावातून चालत जाण्याइतके ते जवळ आहे. शक्यतो इंटेलच्या चिपचे घ्यावे, कारण ओपीएनसेन्स फ्रीबीएसडी या कार्यप्रणालीवर चालते आणि तिथे इंटेलची कार्डे सर्वांत कमी त्रास देतात, असा माझा अनुभव आहे. मग जे दिसते ते डोळे दिपवणारे असते : कोणते उपकरण कुठे जाते, किती वापरते, सगळे आलेख हाताशी. पीएफसेन्सपासून ओपीएनसेन्स २०१५ मध्ये वेगळे झाले. दोन्ही चांगली आहेत, मला ओपीएनसेन्सचा चेहरामोहरा अधिक आवडतो.

तारजोड

आलेखांचे कौतुक मलाही आहे. पण दहा बाय बाराच्या खोलीत अहोरात्र चालणारा डेस्कटॉप ठेवण्याआधी विजेचा हिशेब करावा. जुना डेस्कटॉप काही न करता बसला तरी साधारण ६० वॅट खातो असे धरले तर महिन्याच्या ७२० तासांत ४३ युनिट होतात. ७ वॅटचा छोटा राउटर तेवढ्याच काळात ५ युनिट घेतो. पंख्याचा आवाज आणि मे महिन्यातली उष्णता हिशेबात धरलेलीच नाही. कनेक्शन १ जीबीपीएसचे असते तर मी डेस्कटॉपच्या बाजूने बोललो असतो, कारण रांग लावण्याच्या कामाला प्रोसेसर लागतो आणि लहान राउटरांची तिथे दमछाक होते. ६० एमबीपीएससाठी मात्र तुमचा तो न वापरलेला राउटर पुरेल, जर त्यावर ओपनडब्ल्यूआरटी चालत असेल तर.

ते चालते का हे पाहताना मॉडेलच्या नावावर विसंबू नये. राउटर उलटा करून तळाच्या लेबलावरची आवृत्ती वाचावी, कारण एकाच नावाच्या पहिल्या आणि चौथ्या आवृत्तीत चिप पूर्णपणे वेगळी असू शकते, आणि चुकीची फाइल चढवली तर राउटरचा पेपरवेट होतो. ४ मेगाबाइट फ्लॅश (सॉफ्टवेअर साठवायची जागा) आणि ३२ मेगाबाइट रॅम (काम करताना लागणारी स्मृती) असलेल्या उपकरणांना ओपनडब्ल्यूआरटीने १९.०७ च्या आवृत्तीनंतर आधार देणे सोडले. ८ आणि ६४ ची उपकरणेही आता कशीबशीच चालतात. १६ आणि १२८ असेल तर बेलाशक पुढे जावे.

तिसरामजला (धागाकर्ता)

जुन्या राउटरची डीएचसीपी बंद केली आणि चार दिवस झाले, रेंज असून नेट नाही हा प्रकार एकदाही घडला नाही. या एका गोष्टीसाठी मी वर्षभर घरातल्यांची बोलणी खाल्ली होती.

न वापरलेल्या राउटरची आवृत्ती ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत सापडली, फ्लॅश १६ आणि रॅम १२८ आहे. काल रात्री फाइल चढवली, लुसी हे ब्राउझरमधले पान उघडले, पासवर्ड ठेवला. मग त्याचे वॅन पोर्ट केबलवाल्याच्या डब्याला जोडले आणि नेट पूर्ण बंद. तासभर झटापट केली, शेवटी सगळे पूर्वीसारखे लावून झोपलो. कुठे चुकले असावे?

तारजोड

ओपनडब्ल्यूआरटी बसवल्याबरोबर स्वतःच्या लॅनला १९२.१६८.१.१ हाच पत्ता देतो, आणि तुमच्या डब्याचाही तोच आहे. राउटरच्या एका अंगाला जी पत्त्यांची मालिका, तीच दुसऱ्या अंगालाही, मग पॅकेट कोणत्या दाराने पाठवावे हे त्याला कळणार कसे? लॅनचा पत्ता बदलून १९२.१६८.१०.१ करावा, लॅपटॉपची केबल काढून पुन्हा लावावी म्हणजे त्याला नवा पत्ता मिळेल, आणि मग वॅन जोडावे. आणि दुसऱ्या खोलीकडे जाणारी केबल आता डब्यातून काढून ओपनडब्ल्यूआरटीच्या लॅनमध्ये लावावी. तिथल्या ठाण्याचा पत्ताही नव्या मालिकेत आणावा.

तिसरामजला (धागाकर्ता)

चालले! आता रांगेची शिस्त लावायची कशी?

तारजोड

‘एसक्यूएम’ नावाचे रांग लावणारे पॅकेज आणि त्याचे लुसीतले पान बसवावे. त्यात वॅनचा इंटरफेस निवडून वेगाचे दोन आकडे भरायचे असतात, आणि सारी मेख याच दोन आकड्यांत आहे. स्पीड टेस्टमध्ये मिळतात त्याहून थोडे कमी भरावे, सुरुवातीला नव्वद टक्के : डाउनलोड ५० आणि अपलोड १६ एमबीपीएस. पान केबीपीएसमध्ये आकडे मागते, तेव्हा ५०००० आणि १६००० असे लिहावे. एक शून्य कमी पडल्याने ‘एसक्यूएममुळे नेट मंदावले’ अशी तक्रार करणारे मी तीन तरी पाहिले आहेत. रांगेच्या प्रकारात ‘केक’ निवडावा. तो २०१८ मध्ये लिनक्सच्या ४.१९ या आवृत्तीत समाविष्ट झाला. त्याआधीपासूनचे ‘एफक्यू-कोडेल’ही चांगले आहे. दोन्ही प्रत्येक प्रवाहाला (म्हणजे एकेका जोडणीला) वेगळी रांग देतात आणि पाळीपाळीने सोडतात, म्हणजे नळाशी तांब्या आला की पिंपवाल्याला क्षणभर बाजूला सरावे लागते. केकची खाशी गोष्ट अशी की तो प्रवाहांबरोबर उपकरणांमध्येही समान वाटणी करू शकतो, त्यामुळे एकाच फोनने वीस प्रवाह उघडले तरी त्याला वीस माणसांचा वाटा मिळत नाही. त्यासाठी प्रगत पर्यायांत ‘नॅट’ आणि दोन्ही दिशांचे ‘होस्ट’ असे शब्द वेगळे लिहावे लागतात.

आणि फायरवॉलच्या (कोणती पॅकेटे जाऊ द्यायची ते ठरवणाऱ्या भागाच्या) पानावर ‘हार्डवेअर ऑफलोडिंग’ चालू असेल तर ते बंद करावे. ते पॅकेटांना आडवाटेने पुढे काढते, आणि मग रांग लावणाऱ्याला ती दिसतच नाहीत.

पूर्वउपनगर

साठाचे पैसे द्यायचे आणि हाताने पन्नास करून घ्यायचे? हे काही पटत नाही.

तारजोड

पटायला अवघड आहे खरे. पण रांग जिथे अरुंद तोंड असते तिथे लागते. आज ते तोंड केबलवाल्याच्या डब्यात आहे आणि तिथे आपला हुकूम चालत नाही. आपण आपल्या राउटरवर त्याहून किंचित अरुंद तोंड केले की रांग आपल्या हद्दीत येते. अपलोडमध्ये हे चोख साधते. डाउनलोडमध्ये मूळ रांग कंपनीच्या टोकाला असल्यामुळे आपण फक्त अप्रत्यक्ष दाब आणू शकतो, म्हणून तिथे सूट थोडी जास्त द्यावी लागते. आकडे स्थिरावल्यावर दोन-दोन टक्क्यांनी वाढवत न्यावे आणि पिंग चढू लागला की एक पायरी मागे यावे. बहुतेक वेळा ९५ टक्क्यांपर्यंत पोचता येते.

कांजूरकर

थोडा वेगळा प्रश्न याच धाग्यावर विचारतो. मी एका जुन्या लॅपटॉपवर डेबियन लिनक्स टाकून, पॅकेट पुढे ढकलण्याची परवानगी चालू करून आणि एनएफटेबल्स या फायरवॉलमध्ये मास्करेडचा, म्हणजे नॅटचा, नियम लिहून स्वतःचा राउटर केला आहे. कनेक्शन पीपीपीओई, म्हणजे नाव-पासवर्ड देऊन जोडायच्या, लॉगिनचे आहे. पिंग जातो, बरीच पाने उघडतात, पण बँकेचे आणि आणखी काही संकेतस्थळांचे पान अर्धे येऊन अडकते. त्या लॅपटॉपवरच ब्राउझर उघडला तर मात्र तेच पान लगेच येते.

तारजोड

राउटरवर पान येते आणि त्याच्या मागच्या यंत्रावर येत नाही, हीच याची ओळख आहे. इथरनेटवर एका पॅकेटची कमाल लांबी १५०० बाइट असते. पीपीपीओई त्यातले ८ बाइट स्वतःच्या शीर्षासाठी (पॅकेटाच्या सुरुवातीच्या नोंदीसाठी) घेते, त्यामुळे १४९२ उरतात. घरातल्या संगणकाला हे ठाऊक नसते. तो १५०० च्या हिशेबाने बोलणी करतो, पलीकडचा सर्व्हर पूर्ण लांबीचे पॅकेट पाठवतो, ते वाटेत मावत नाही, आणि ‘लहान पाठवा’ हा परतीचा निरोप कुणीतरी फायरवॉलमध्ये अडवलेला असतो. लहान पॅकेटे जात-येत राहतात म्हणून पिंग चालतो. उपाय असा की पुढे जाणाऱ्या टीसीपी जोडणीच्या सुरुवातीच्या पॅकेटातला एमएसएसचा (एका पॅकेटातल्या मजकुराच्या कमाल लांबीचा) आकडा मार्गाच्या एमटीयूनुसार (पॅकेटाच्या कमाल लांबीनुसार) बसवण्याचा नियम पुढे ढकलण्याच्या साखळीत घालावा. १४९२ मधून आयपी आणि टीसीपी या दोन्ही शीर्षांचे ४० वजा जाता तो १४५२ होतो. ओपनडब्ल्यूआरटीत वॅनच्या विभागाला हा नियम आधीपासून लावलेला असतो, म्हणून तिथल्या लोकांना हा अनुभव सहसा येत नाही.

कांजूरकर

एक ओळ घातली आणि बँक उघडली. दोन महिने मी बँकेलाच दोष देत होतो.

माजघर

आम्ही मे महिन्यात गावी असतो. तिथून मुंबईच्या घरातला कॅमेरा पाहता यावा म्हणून राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेले पॅकेट घरातल्या ठरावीक उपकरणाकडे ढकलणे) केले, तीनदा तपासले, तरी बाहेरून काही दिसत नाही.

जुनामोडेम

राउटरच्या स्थितीच्या पानावर वॅनचा पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर तुम्ही कंपनीच्या मोठ्या नॅटमागे आहात. आयपीव्ही४ चे (आपण वर पाहिले तशा चार आकड्यांचे) पत्ते अपुरे पडल्यामुळे २०१२ मध्ये हा पट्टा त्याच कामासाठी राखून ठेवला गेला. बाहेरून येणारे पॅकेट तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही, मग त्याने ते पुढे ढकलायचे कसे? कंपनीकडून वेगळे शुल्क भरून सार्वजनिक पत्ता घ्यावा, किंवा भाड्याच्या एखाद्या छोट्या सर्व्हरवर वायरगार्ड हे सुरक्षित बोगदा जोडणारे सॉफ्टवेअर बसवून घरच्या राउटरने आतून त्याच्याशी बोगदा जोडावा. दुसरा मार्ग मला अधिक सुरक्षित वाटतो. कॅमेऱ्याचे दार थेट इंटरनेटवर उघडे ठेवणे हे गॅलरीचे दार रात्रभर सताड ठेवून झोपण्यासारखे आहे.

माजघर

१००.७१ ने सुरू होतो. आभारी आहे. आणखी एक. शेजारच्या काकू पासवर्ड मागतात, नाही म्हणवत नाही.

जुनामोडेम

घडीभर आलेल्या माणसासाठी पाहुण्यांचे वेगळे वायफाय ठेवावे, ज्यातून घरातली इतर उपकरणे दिसत नाहीत. कायमचे मात्र देऊ नये. कनेक्शन तुमच्या नावावर आहे, त्यावरून जे घडेल त्याची विचारणा तुमच्याकडे होईल, आणि घराबाहेर वाटून देणे बहुतेक कंपन्यांच्या अटींत बसत नाही. काकूंना कंपनीवर ढकलून मोकळे व्हावे.

तिसरामजला (धागाकर्ता)

पंधरा दिवसांनी वृत्तान्त देतो आहे.

एसक्यूएमचे आकडे ५२ आणि १७ वर स्थिरावले. आता सहा फोन एकदम फोटो चढवत असतानाही पिंग २० च्या वर जात नाही. पूर्वी ४५० होता. पत्नीच्या बैठका सुरळीत होतात, आणि धाकट्या भावाने खेळताना शिव्या देणे बंद केले आहे, हे मोजमाप मला अधिक विश्वासार्ह वाटते.

केबलवाल्याला डबा ब्रिज मोडमध्ये (स्वतः राउटिंग न करता संकेत नुसता पुढे देणे) टाकायला सांगितले. आधी ‘तसं होत नाही’ म्हणाला, मग दुसऱ्या माणसाने दहा मिनिटांत करून दिले आणि पीपीपीओईचे नाव व पासवर्डही दिला. तरी लॉगिन होईना. त्यांच्याकडे जुन्या डब्याचा मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा ओळखक्रमांक) नोंदलेला होता. तोच पत्ता ओपनडब्ल्यूआरटीच्या वॅनला दिल्यावर लगेच जोडले गेले. आता नॅट एकदाच होते आणि डबा फक्त प्रकाशाचे विजेत रूपांतर करतो.

एक गोष्ट राहिली. दुसऱ्या खोलीतले ठाणे गिगाबिटचे (१००० एमबीपीएसचे) असूनही केबल १०० एमबीपीएसलाच जोडली जाते. कनेक्शनच ६० चे असल्यामुळे आज अडत नाही, पण खटकते.

गच्चीवरचा

१०० एमबीपीएसला केबलमधल्या तारांच्या चारपैकी दोनच जोड्या लागतात, १००० ला चारही. तेव्हा एखादी जोडी तुटली आहे किंवा टोकाच्या जॅकमध्ये नीट बसलेली नाही. आधी दोन्ही टोके नव्याने क्रिंप करून (जॅकमध्ये दाबून बसवून) पाहावीत. स्वस्त केबलमध्ये बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम असते आणि ते वाकवताना तुटते. तार खरवडून आतला रंग चांदीसारखा निघाला तर ती केबल काढून टाकावी. नवी घेताना शुद्ध तांब्याची आणि बाहेर वापरायच्या काळ्या आवरणाची घ्यावी, कारण गॅलरीत ऊनही लागते आणि पावसाची झडही. खोलीत शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्यावा, म्हणजे केबलवरून ओघळणारे पाणी आत न येता तिथून ठिबकून जाईल.

तिसरामजला (धागाकर्ता)

खरवडून पाहिली. चांदीसारखीच निघाली. शनिवारी लॅमिंग्टन रोडला जातो आहे. दोन खोल्यांमधले अंतर गॅलरीच्या वळणासकट २२ मीटर भरले, तेव्हा झोलासाठी धरून २५ मीटर घेईन.